रेघेचा साप, पट्ट्याचा साप

नानेटी मी पहिल्यांदा नीट पाहिली, ती डोळ्यांदेखत हरवली त्या दिवशी.

पावसाने उघडीप दिली होती आणि मी पायरीवर नुसतीच बसले होते. समोर चार-पाच हातांवर ओलं गवत, आणि त्या गवतातून एक साप निघाला होता. करंगळीएवढा जाड, हातभर लांब, रंग वाळक्या पाचोळ्याचा. पाठीच्या दोन्ही कडांनी दोन पिवळसर रेघा, पट्टी धरून ओढाव्यात तशा सरळ. गवताच्या दोन झुबक्यांमध्ये वीतभर मोकळी जागा होती. तिथे त्या रेघा लख्ख दिसत होत्या. मी नजर तिथेच रोखली. साप थांबलाय असंच मला वाटत होतं, कारण त्या मोकळ्या जागेत रेघा होत्या तशाच होत्या, हलत काहीच नव्हतं. मग एकाएकी त्या निमुळत्या झाल्या, एकमेकींजवळ आल्या आणि संपल्या. जागा रिकामी.

साप थांबलेला नव्हताच. तो सगळा वेळ चालत होता. मान, पाठ, पोट सगळं त्या वीतभर जागेतून माझ्यासमोरून सरकत गेलं होतं, आणि शेपटी संपली तेव्हा डोकं केव्हाच पलीकडच्या झुडपात पोचलं होतं. मी जिच्यावर नजर धरून बसले होते ती नुसती रेघ होती. रेघेचा पुढचा तुकडा मागच्या तुकड्यासारखाच दिसतो. त्यामुळे ती पुढे गेली की जागेवर आहे, हे डोळ्याला कळायला काही खूणच उरत नाही.

तेव्हापासून मी सापांच्या रेघांच्या मागे लागले. वाचत गेले, फोटो पाहत गेले, संधी मिळेल तेव्हा जिवंत सापांकडे लांबून पाहत राहिले. या सगळ्यातून एक प्रश्न माझ्याजवळ कायमचा राहिला. कुठलाही नक्षीदार साप दिसला की मी आधी विचारते, ही नक्षी कुणाच्या डोळ्यासाठी आहे?

आधी शब्दांचं सांगते. आपण ‘पट्टेरी साप’ म्हणतो तेव्हा दोन अगदी निराळ्या गोष्टी एका शब्दात बसवतो. डोक्याकडून शेपटीकडे लांबीने जाणाऱ्या रेघा वेगळ्या आणि अंगावर आडवे पडलेले पट्टे वेगळे. हे पट्टे पोटाखालूनही फिरून आले की त्यांची कडी होते. लांबीच्या रेघांना ‘उभ्या’ म्हणायची पद्धत आहे, पण साप उभा असतो कुठे? तो जन्मभर आडवाच. म्हणून मी माझ्यापुरती सोय करून घेतली आहे: लांबीने जाते ती रेघ, रुंदीने जातो तो पट्टा.

नानेटीच्या अंगावर दोन्ही असतात, आणि हे मला फार उशिरा दिसलं. पुढच्या निम्म्या अंगावर गडद आडवे डाग त्या पिवळ्या रेघांना छेदत जातात. मागे मागे ते विरतात आणि शेवटी नुसत्या रेघा उरतात. लिनियस या निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ मध्ये या सापाचं शास्त्रीय नाव ठेवताना ‘स्टोलाटस’ हा शब्द निवडला. स्टोला म्हणजे रोमन स्त्रिया नेसत ते लांब वस्त्र, आणि स्टोलाटस म्हणजे ते नेसलेला. पाकिस्तानपासून श्रीलंका, आग्नेय आशिया, दक्षिण चीन आणि पार तैवानपर्यंत ही नानेटी आहे. दिवसा फिरते, बेडूक खाते, बिनविषारी आहे आणि स्वभावाने इतकी गरीब की सहसा चावायला जातच नाही. फार घाबरली तर अंग फुगवते. तेव्हा खवले एकमेकांपासून दूर होतात आणि मधल्या कातडीचा एरवी झाकलेला लालसर किंवा निळसर रंग दिसतो.

नानेटीच्या नात्यातला एक मोठा गोतावळा अमेरिका खंडात आहे, गार्टर सापांचा. मोजे घसरू नयेत म्हणून पायाला बांधायची जी पट्टी, तिला गार्टर म्हणत, तिच्यावरून हे नाव पडलं. थॅम्नोफिस या प्रजातीत तीसहून अधिक जाती आहेत आणि बहुतेकींची ठेवण एकच: पाठीच्या मधोमध एक फिकी रेघ आणि दोन्ही कुशींना एकेक. इतक्या सारख्या दिसणाऱ्या जाती ओळखायच्या कशा? पोटाच्या बाजूने खवल्यांच्या रांगा मोजत वर जायचं. नेहमीच्या गार्टर सापाची कुशीची रेघ दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेवर असते, गवताळ मैदानांतल्या गार्टरची तिसऱ्या आणि चौथ्या रांगेवर. एका खवल्याच्या रुंदीएवढी रेघ सरकली की जात बदलली! हे वाचलं तेव्हा मी त्या सापांचे फोटो मोठे करकरून रांगा मोजत बसले होते. पहिल्यांदा चुकले, नंतर जमलं.

कॅनडात मॅनिटोबा प्रांतातल्या नार्सिस इथे चुनखडकाच्या कपारींत हे गार्टर साप हजारोंच्या संख्येने हिवाळा काढतात. वसंतात नर आधी वर येतात आणि मादीची वाट पाहतात. एकेका मादीभोवती नरांचा गुंडाच होतो. त्या गुंड्याच्या फोटोत मी एक तरी रेघ डोक्यापासून शेपटीपर्यंत नजरेने धरायचा प्रयत्न केला आहे. एकही धरता आली नाही.

आता माझ्या पायरीवरच्या अनुभवाकडे येते. मला वाटलं होतं, डोळा फसला हा माझा आळस असेल. पण याच गोष्टीवर काही माणसांनी वर्षानुवर्षं काम केलेलं आहे. जॅक्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये सापांच्या पाठीवरची नक्षी आणि बचावाची रीत यांची सांगड घातली. मग एडमंड ब्रॉडी तिसरा या संशोधकाने वायव्य अमेरिकेतल्या एका छोट्या गार्टर सापावर काम केलं. या सापाचं वैशिष्ट्य असं की एकाच आईची पिल्लं वेगवेगळ्या नक्षीची निघतात. कुणाच्या अंगावर ठसठशीत रेघा, कुणाच्या अंगावर ठिपके, कुणी जवळजवळ कोरं. ब्रॉडीने पिल्लांना पळायला लावलं आणि कोण कसं पळतं ते टिपलं. रेघांची पिल्लं सरळ पळत सुटायची. ठिपक्यांची पिल्लं पळता पळता एकदम उलटी वळायची, दिशा बदलायची, मग निपचित पडायची. १९८९ मध्ये त्याने दाखवलं की नक्षी आणि पळण्याची तऱ्हा या दोन गोष्टी आनुवंशिकतेतच एकमेकींशी जोडलेल्या आहेत. नंतर त्याने पिल्लांना खुणा करून रानात सोडलं आणि पुढे कोण सापडतं ते पाहिलं. १९९२ मध्ये निष्कर्ष आला. रेघा असून सरळ पळणारी आणि रेघा नसून उलट्या कोलांट्या घेणारी पिल्लं जास्त टिकली. ज्यांची जोडी चुकली ती कमी टिकली.

मला या प्रयोगाने हलवून सोडलं. जन्मून काही दिवसच झालेलं, काडीएवढं पिल्लू. त्याला आपली पाठ दिसत नाही, आपल्या अंगावर रेघा आहेत की ठिपके हे त्याला ठाऊक असायचं काही कारण नाही. तरी त्याचं शरीर आपल्या नक्षीला साजेसं पळतं. बघणाऱ्या पक्ष्याचा डोळा कसा चुकतो, हे त्या पिल्लाच्या अंगात आधीच उतरलेलं असतं.

म्हणूनच रेघांचे साप आठवून पाहिले की त्यांत पळणारे पुष्कळ निघतात. आफ्रिका आणि आशियातल्या कोरड्या मुलखात वाळूवरून बाण सुटावा तसे जाणारे सॅमोफिस साप, अमेरिकेच्या पश्चिमेकडचे चाबकासारखे बारीक रेघाळ व्हिपस्नेक, सगळे दिवसा फिरणारे, उघड्यावर भक्ष्य शोधणारे. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि उत्तर अमेरिकेतल्या सापांची मोठी तुलना प्रसिद्ध झाली, तिच्यातही हाच कल दिसला. कोरे आणि रेघांचे साप बहुतेक धावून शिकार करणारे, तर ठिपक्या-डागांचे साप दबा धरून बसणारे. घोणस ज्यांनी पाचोळ्यात वेटोळं घालून बसलेली पाहिली आहे, किंवा खरं सांगायचं तर पाहिलीच नाही आणि कुणीतरी हात धरून मागे ओढलं म्हणून वाचले, त्यांना डागांचं काम वेगळं समजवायला नको.

पण निसर्गात असा नियम सांगितला की लगेच कुणीतरी आडवं येतंच. आग्नेय आशियातल्या जंगलांत निळा मलायन प्रवाळ सर्प राहतो. गडद निळं-काळं अंग, कुशींना फिक्या निळ्या रेघा, आणि डोकं व शेपटी निखाऱ्यासारखी लाल. हा रेघांचा साप कुठेही सरळ पळत सुटत नाही. पाचोळ्याखाली राहतो, दुसरे साप खातो, आणि डिवचलं तर डोकं लपवून लाल शेपटी वर करतो. त्याच्या विषग्रंथी डोक्यात मावत नाहीत, शरीराच्या सुमारे चौथ्या हिश्श्यापर्यंत मागे गेलेल्या असतात. त्याचं विष मज्जातंतूंना एकदम चेतवतं आणि भक्ष्य झटक्यात आकडून जातं. बहुतेक नागकुळातल्या सापांचं विष याच्या उलट, हळूहळू शिथिल करणारं. इथे रेघ निसटण्यासाठी नाही. ती त्या लाल शेपटीसकट एक ताकीद आहे. म्हणजे रेघेलाही एकच भाषा येते असं नाही.

मला एकदा नानेटीची अख्खी कात मिळाली. दगडाच्या फटीत तिने ती उलटी सोडली होती, मोजा काढताना आतली बाजू बाहेर यावी तशी. भिजवून, सुलटी करून, काचेवर पसरली आणि भिंगाखाली धरली. सबंध कात धुरकट होती, आणि जिथे पिवळ्या रेघा असतात तिथे ती पाण्यासारखी स्वच्छ होती. सापाचा रंग कातडीच्या आतल्या थरांतल्या पेशींत असतो, कातीवर त्याची फक्त सावली उतरते. अंगाच्या मधोमध खवल्यांच्या एकोणीस रांगा मी मोजल्या. बहुतेक खवल्यांना मधून एक नाजूक धार. आणि मग मी एकेक खवला वेगळा पाहू लागले, तेव्हा रेघ नाहीशी झाली. कुठल्याही एका खवल्यावर रेघ अशी नव्हतीच. कुठे अर्धा खवला स्वच्छ, कुठे नुसती कड स्वच्छ. भिंग बाजूला केलं की हे सगळे कवडसे जुळून पुन्हा सरळसोट रेघ. खवला ना खवल्याला ओळखतो, ना रेघेला. जुळवणी माझ्या डोळ्यात होत होती, तशी ती ससाण्याच्याही डोळ्यात होत असणार.

ही नक्षी मुळात उमटते ती अंड्यात किंवा आईच्या पोटात, भ्रूणावर. रंगाच्या पेशी पाठीच्या कण्याजवळून निघून कातडीत पसरतात आणि पसरताना एकमेकींना ओढतात, ढकलतात, कुठे दाटी करतात, कुठे जागा सोडतात. अशा साध्या देवघेवीतून नक्षी आपोआप उभी राहू शकते, हे गणिताने मांडणारा पहिला माणूस ॲलन ट्यूरिंग, १९५२ मध्ये. सापाच्या भ्रूणाच्या लांबट नळीवर याच जातीचं गणित मरे आणि मायर्सकॉ या गणितज्ञांनी १९९१ मध्ये करून पाहिलं. रेघा, पट्टे, ठिपके अशा नक्ष्या एकाच यंत्रणेतून निघताना त्यांना दिसल्या. आकडे थोडे बदलायचे, बस्स.

आणि खरोखरच्या सापांत हे घडताना दिसतं. कॉर्न स्नेक हा लाल डागांचा अमेरिकन साप, पाळणाऱ्यांनी त्याच्या कितीतरी तऱ्हा जपल्या आहेत. एका जनुकात बदल झाला की त्याचे डाग एकमेकांत मिसळून लांब रेघा होतात. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी ते जनुक शोधून काढलं. ते पेशीच्या पडद्यातून क्लोराइडची ये-जा सांभाळणाऱ्या एका दाराचं निघालं. रंगाशी त्याचा काही संबंध असेल असं नावावरून कुणालाही वाटलं नसतं.

याहून मला आवडते ती कॅलिफोर्नियाच्या किंगस्नेकची गोष्ट. तिथे दोन काळे-पांढरे साप होते. एकाच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत एक पांढरी रेघ, दुसऱ्याच्या अंगावर पांढरे पट्टे. रेघेच्या सापाला १८३५ मध्ये नाव मिळालं, पट्ट्याच्या सापाला १८५३ मध्ये वेगळं. ऐंशीहून अधिक वर्षं त्या दोन जाती म्हणून नांदल्या. सॅन डिएगोचा लॉरेन्स क्लाउबर पेशाने वीज कंपनीतला अभियंता आणि मनाने सापांचा माणूस. त्याने या सापांची अंडी उबवून घेतली. एकाच आईच्या अंड्यांतून काही पिल्लं रेघेची निघाली आणि काही पट्ट्याची! १९३६ मध्ये त्याने हे मांडलं आणि दोन जातींची एक जात झाली. मी त्या क्षणाची कल्पना करते: कवच फाडून एक ओलं तोंड बाहेर येतं, मागोमाग पट्टे, आणि शेजारच्या अंड्यातून रेघ. इतक्या वर्षांचं वर्गीकरण त्या उबवणीच्या पेटीत मोडलं.

याच सापाचं पुढे वाईट झालं, म्हणजे त्याच्यामुळे इतरांचं. दिसायला देखणा म्हणून तो पाळीव सापांच्या बाजारातून जगभर गेला, आणि ग्रान कॅनेरिया बेटावर सुटून रानात स्थिरावला. त्या बेटावरच्या सरड्यांनी असा साप कधी पाहिलेलाच नव्हता. मोठे मोठे सरडे तिथून झपाट्याने नाहीसे होत गेले. अंगावरची रेघ आवडली म्हणून जिवंत प्राणी समुद्रापार न्यायचा, हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

वयाबरोबर नक्षी बदलणारे सापही आहेत. दक्षिण युरोपातला चाररेघी साप लहानपणी गडद डागांचा असतो आणि मोठेपणी त्याच्या अंगावर चार लांब रेघा येतात. जपानमधल्या शिमाहेबीचं तसंच. पिल्लू आडव्या पट्ट्यांचं, मोठा साप चार रेघांचा. शिमा म्हणजेच रेघ. त्यांच्यात कधी अंगभर काळा निपजला तर त्याला जपानीत कावळा-साप म्हणतात. मला वाटतं, लहानाला पळून वाचण्यापेक्षा दडून वाचणं सोपं असेल, आणि अंगात वेग आल्यावर रेघ उपयोगी पडत असेल.

पट्ट्यांचं सगळंच वेगळं. पट्टा दिसला की डोळा तिथे अडतो. सापाची बाह्यरेषा तुटते, तुकडे दिसतात, साप दिसत नाही. मात्र असा साप भर वेगात निघाला की पट्टे एकमेकांत मिसळून एकरंगी दिसू लागतात, फिरत्या पंख्याची पाती मिसळतात तसे. थांबला की पुन्हा पट्टे. पाऊ या शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये हे मांडलं. पाठलाग करणारा शिकारी एकरंगी साप शोधत राहतो आणि समोर असतात नुसते तुकडे. ऑस्ट्रेलियातला बँडी-बँडी तर काळ्या-पांढऱ्या कड्यांचं अंग डिवचल्यावर कमानीसारखं उचलतो, एक कमान, दुसरी कमान, की कुठला भाग डोकं हेच कळू नये. त्याचं खाणं म्हणजे आपल्याकडच्या वाळा सापासारखे आंधळे साप. त्यांना या कमानींशी काही देणंघेणं नाही. नक्षी पुन्हा तिसऱ्याच कुणाच्या डोळ्यासाठी.

दुसरं काम धमकावण्याचं. अमेरिका खंडातले प्रवाळ सर्प लाल, पिवळ्या, काळ्या कड्यांचे असतात आणि त्यांचं विष जबर. सुसान स्मिथ या संशोधिकेने १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो मी कितीदा वाचला असेन. मॉटमॉट नावाच्या पक्ष्याची पिल्लं तिने हाताने वाढवली. त्यांनी साप कधी पाहिलेला नव्हता. त्यांच्यासमोर तिने रंगवलेल्या लाकडी काड्या ठेवल्या. हिरव्या-निळ्या कड्यांच्या काडीवर पिल्लं चोच मारत. लाल-पिवळ्या रेघा लांबीने ओढलेल्या काडीवरही मारत. पण तेच लाल आणि पिवळं आडव्या कड्यांत रंगवलं की ती काडीपासून दूर राहत. रंग तेच, काडी तीच, फक्त रेघेचा पट्टा झाला होता. न शिकवता, न डसता, ते भय पिल्लाच्या डोळ्यात आधीपासून होतं.

जिथे भय आहे तिथे त्याची उसनवारी करणारेही असतात. स्कार्लेट किंगस्नेक बिनविषारी आहे, पण कडी प्रवाळ सर्पासारखी. डेव्हिड फेनिग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या आग्नेय भागात प्लॅस्टिसिनचे खोटे साप करून रानात मांडले आणि त्यांच्यावर उमटलेल्या दातांच्या खुणा मोजल्या. २००१ मध्ये त्यांनी सांगितलं की जिथे खरे प्रवाळ सर्प राहतात तिथेच कड्यांच्या खोट्या सापांना शिकारी टाळतात. जिथे खरे नाहीत तिथे नक्कल काही कामाची नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या सँडहिल्स भागातून तर खरे प्रवाळ सर्प १९६० च्या सुमारास नामशेष झाले. त्यानंतर काही दशकं तिथली नक्कल उलट अधिकच हुबेहूब होत गेल्याचं २०१४ मध्ये दिसून आलं. धनी गेला, तरी त्याचा मुखवटा घासूनपुसून लख्ख होत राहिला. यात मला काहीतरी फार करुण वाटतं.

डोळ्यासाठी, डोळ्यासाठी असं मी म्हणत आले, तर एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. न्यू कॅलेडोनियाच्या समुद्रात कासवाच्या तोंडाचा एक सागरी साप आहे. स्वच्छ प्रवाळबेटांजवळ तो काळ्या-फिक्या पट्ट्यांचा दिसतो. शहराजवळच्या, कारखान्यांच्या गढूळ पाण्यात तोच साप जवळजवळ पूर्ण काळा असतो. २०१७ मध्ये गोइरां, बुस्टामांटे आणि शाईन यांनी कारण सुचवलं. काळं रंगद्रव्य धातूंचे अंश धरून ठेवतं आणि काळे साप कात टाकतात तीही जास्त वेळा. कातीबरोबर ते विषारी धातू अंगाबाहेर जातात. इथे पट्टे पुसले ते कुणाच्या नजरेमुळे नव्हे, आपण पाण्यात काय सोडलं त्यामुळे.

आणि आता आपल्या डोळ्याविषयी.

काही वर्षांपूर्वी एका घरी मुक्कामाला होते. रात्री मागच्या दारी ओरडा झाला, “मण्यार! मण्यार!” मी पोचेपर्यंत काठी दोनदा पडली होती. भिंतीशी एक बारीक तपकिरी साप वळवळत होता, अंगावर पांढरट आडवे पट्टे. मी थांबा म्हणू शकले असते. म्हटलं नाही, कारण माझ्याही डोळ्याला ती मण्यारच दिसली, आणि मण्यारीचं भय खोटं नाही. दक्षिण आशियातल्या अति विषारी सापांपैकी ती एक. रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि दंश इतका हलका असतो की पुष्कळदा जागही येत नाही. ज्यांनी काठी उचलली त्यांच्या घरात लहान मुलं झोपलेली होती. मी त्यांना दोष देत नाही.

सगळे आत गेल्यावर मी टॉर्च घेऊन तिथेच उकिडवी बसले. मण्यार काळी तुकतुकीत असते. तिच्या पाठीच्या मधल्या रांगेतले खवले मोठे, षटकोनी असतात. पट्टे मानेकडे पुसट किंवा नसतातच, आणि शेपटीकडे ठसठशीत होत जातात. माझ्यासमोरच्या सापाच्या पाठीवर मोठे खवले नव्हते. पट्टे मानेपासूनच सुरू होत होते, तिथेच सर्वांत रुंद होते, आणि मागे जाता जाता विरत गेले होते. शेपटी कोरी. तो कवड्या होता. पाली खाणारा, भिंती चढणारा, बिनविषारी. मण्यारीचे पट्टे त्याने अंगावर वागवले ते घुबडाला, मुंगसाला, सापावर झडप घालणाऱ्या कुणालाही क्षणभर थबकवण्यासाठी, असं मानलं जातं. थबकणाऱ्यांसाठी ते ठीक होतं. माणूस मण्यार दिसली की मागे सरत नाही, काठी आणतो.

हे फरक मी सांगितले ते कुणी वाकून पाहावेत म्हणून नाही. मण्यारीच्या पिल्लांत पट्टे मानेपर्यंत येतात, आणि काही कवड्यांवर पट्टे अजिबातच नसतात. रात्री, घाईत, हलत्या सापावर हे कुणाला जमत नाही, मला तर नाहीच. लांब राहायचं, साप कुठे जातो त्यावर नजर ठेवायची, सर्पमित्राला बोलवायचं. त्या रात्री मला एवढंच करायचं होतं, आणि मी ते केलं नाही.

गेल्या पावसाळ्यात रात्री उशिरा जिन्यातला दिवा लावला, तर भिंतीवर साप. माझ्या डोक्याच्या उंचीवर, दोन हात लांब. तपकिरी अंग, मानेवर रुंद पांढरट पट्टा. अंगातून गार लहर गेली. माझ्या डोळ्याने आताही मण्यारच म्हटलं, इतकं सगळं वाचून. मी दोन पायऱ्या खाली उतरले, कठडा धरला आणि हलले नाही. तो भिंतीच्या खडबडीत गिलाव्याला पोट लावून, थोडा थांबत, थोडा सरकत छताच्या कडेच्या फटीकडे गेला. डोकं आत शिरलं. पट्टे एकामागून एक आत जाऊ लागले आणि मी ते मोजू लागले. पहिले रुंद, मग अरुंद, मग नुसत्या फिक्या खुणा, मग मोजता येईना. शेवटी वीतभर शेपटी बाहेर राहिली, दिव्याच्या उजेडात हळूहळू आत ओढली जाणारी. तिच्यावर पट्टा नव्हता.